जमीन लिओटाची होती

हरणावर मारलेली गोळी वाया गेली की आमच्या डोंगरांत माणसाचा शर्ट कापतात. पाठीमागची खालची पट्टी, जिला सगळे शेपूट म्हणतात, ती सुरीनं टर्रकन कापायची. मग ज्याचा नेम चुकला त्यानंच तिच्यावर स्वतःच्या हातानं लिहायचं: नाव, साल, जागा आणि शेवटी सबब. ऊन डोळ्यावर होतं, बंदूक भावाची होती, शिंक आली, काय असेल ते. ती चिंधी शिकारीच्या खोपटात भिंतीला ठोकतात आणि ती तिथंच राहते. माणूस मरतो, चिंधी राहते. सूट कुणाला नाही. शेरीफचा शर्ट कापलेला मी पाहिलाय, आणि ज्या पाद्र्यानं माझं लग्न लावलं त्याचाही.

लिओटा प्रुएटनं असे अकरा शर्ट कापले. तिचा कुणी कापला नाही, कारण तशी वेळच आली नाही. ती काही कौतुक करून घेणारी बाई नव्हे. तिच्या दारात गेलात तर आधी कुत्रं अंगावर येतं, मग ती येते, आणि दोघांत कुत्रं बरं. "काय पाहिजे?" हा तिचा रामराम. मी युनियन करायला निघाले म्हणून कोंबड्यांच्या कारखान्यानं मला हाकललं, त्या हिवाळ्यात तिनं माझ्या पायरीवर हरणाच्या मांसाच्या बावीस बरण्या आणून ठेवल्या. मी दार उघडलं तेव्हा ती गाडीकडे निघालीही होती.

"मावशी, हे कशाला?"

"बरण्या परत पाहिजेत. झाकणांसकट."

एवढंच. तेव्हापासून वीस वर्षं मी तिची शेजारीण आहे. तिच्याविषयी जे लिहितेय ते या हिशेबानं वाचा की मी तिच्या बाजूची आहे. मधोमध उभं राहून दोन्हीकडचं सांगणारे लोक वेगळे, त्यांना दोन्हीकडून जेवण मिळतं.

लिओटा आमच्या याच ओझार्कच्या डोंगरात, स्टिलहाउस ओढ्याच्या दक्षिणेच्या उतारावर जन्मली. पहिलं हरीण चौदाव्या वर्षी. बाप लाकडाच्या गिरणीत, आई आजारी. घरात सात तोंडं आणि बंदुकीत तीन गोळ्या असायच्या. त्यामुळे नेम लावणं ही तिची हौस नव्हती. पुढं तिनं गावातल्या बुटांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं टाचा चिकटवल्या. कारखाना उठून परदेशी गेला. नवरा व्हर्जिल एका मार्चमध्ये हृदय बंद पडून गेला. उरली ती, नव्वद एकर खडकाळ जमीन, आणि एक विळा-कुऱ्हाड-करवतीनं भरलेली शेड.

त्या जमिनीचं ती काय करायची ते सांगते, कारण नंतर कोर्टात याच गोष्टीवरून शहरी वकील हसला होता. दर तिसऱ्या वर्षी, फेब्रुवारीच्या शेवटी, वारा मंद आणि पाचोळा सुका असला की ती माळ जाळायची. आधी भोवतीनं पाचोळा ओढून मातीचा पट्टा मोकळा करायचा, मग वरच्या अंगानं, वाऱ्याविरुद्ध, आग खाली उतरवत न्यायची. सीडरच्या झाडांची पोरं जळतात. ती जळली नाहीत तर दहा वर्षांत सगळा माळ गिळतात, खाली गवताचं पातं राहत नाही. जळालेल्या जागी एप्रिलात जे कोवळं येतं त्यावर हरणी पिलं वाढवतात. सरकारी खात्याची माणसं आता हेच रंगीत चित्रांच्या पुस्तिकेत छापून वाटतात. लिओटाला एक दिली होती. तिनं ती पेटवायला वापरली.

आणि स्वयंपाक. हरणाचं मांस उग्र लागतं असं जो म्हणतो त्याला लिओटा सरळ गाढव म्हणायची. "हरीण उग्र नसतं. पाडणारा आळशी असतो." गोळी लागल्यापासून अर्ध्या तासात आतडी बाहेर, पोटात वारा, पाय झाडाला. मग टेबलावर चरबीचा कण न् कण खरवडायचा, कारण हरणाची चरबी गार झाली की टाळूला मेणासारखी चिकटते. पाठीच्या मांसाचा लांब पट्टा बोटभर जाड कापून, पिठात घोळून, लोखंडी तव्यात डुकराच्या चरबीत दोन मिनिटं ही बाजू, दोन मिनिटं ती. तव्यातल्या खरपुडीवर पीठ आणि दूध घालून रस्सा. मानेचं मांस कांद्याबरोबर दिवसभर मंद. बाकी बरण्यांत. दर हंगामाआधी आमच्या अग्निशामक दलाच्या शेडमध्ये गावजेवण असायचं, तिथं तव्यापाशी लिओटा असायची आणि तिच्या हाताखाली कुणीही टिकायचं नाही.

आता भांडणाचं मूळ. लिओटाची हद्द ओढ्यात. पलीकडे उत्तरेला ओटिस क्रॅबट्रीची जमीन. कागदावर ओढा म्हणजे रेघ, पण दर वसंतात पूर येऊन ओढ्यातलं कुंपण उखडून न्यायचा. तार पुलाखाली, खांब पुढच्या गावात. एकोणनव्वद साली व्हर्जिल आणि ओटिस वैतागले. त्यांनी कुंपण ओढ्यातून काढलं आणि लिओटाच्या उतारावर वर, जिथं खांब टिकेल तिथं घातलं. मधे अकरा एकरांचा सपाट टप्पा राहिला: तीन म्हातारे पांढरे ओक आणि ओळीनं रानटेंभुर्णी. ओटिसच्या गायी ओढा ओलांडून तिथं चरायच्या. लिओटा कुंपणातल्या फाटकातून खाली जाऊन तिथं मचाणावर बसायची, तिथंच टेंभुर्ण्या वेचायची, तिथंच माळ जाळायची. कुंपण म्हणजे हद्द नव्हे, हे दोघा पुरुषांनी हातात हात देऊन ठरवलं. कागद? कागद कशाला, ओटिस काय परका होता?

आमच्या लोकांची ही चूक मी शंभर वेळा पाहिली आहे. दिलेला हात खांबापेक्षा पक्का, असं आम्हाला वाटतं. हात मरतो. खांब उभा राहतो.

ओटिस गेला. त्याच्या शहरातल्या मुलींनी जमीन विकली, तिच्यावरच्या त्या शिकारीच्या खोपटासकट, खोपटातल्या चुलीसकट. घेणारा ग्रँट एल्सवर्थ, सेंट लुइसचा, पोहण्याचे तलाव बांधून विकणारा. त्यानं खोपटाच्या जागी लाकडी ओंडक्यांचा महाल उभा केला आणि शिंगांच्या मापानुसार दर लावून बाहेरच्या शिकाऱ्यांना आणायला लागला. पहिल्याच उन्हाळ्यात त्याच्या माणसांनी वरच्या कुंपणाच्या प्रत्येक खांबावर जांभळा पट्टा ओढला. आमच्या राज्यात जांभळा रंग म्हणजे पाटीच: आत पाऊल टाकलंस तर गुन्हेगार.

लिओटा त्याच्याकडे गेली. मी गाडी चालवत होते.

"तुझ्या पोरांनी चुकीच्या कुंपणाला रंग लावलाय," ती म्हणाली.

"मिसेस प्रुएट, मी एकच कुंपण पाहतो," एल्सवर्थ म्हणाला. चांगले दात, मऊ आवाज. "ते सत्तावीस वर्षं तिथं आहे. क्रॅबट्रींच्या गायी तिथं चरल्या. वहिवाट म्हणतात याला. माझ्या वकिलानं पाहिलंय."

"आणि मी तिथं तीस वर्षं हरणं मारली ती?"

"मग तुम्ही तीस वर्षं दुसऱ्याच्या जमिनीत शिरत होता. मी मागचं काढत नाही."

"काढ की. मी काढणार आहे."

त्यानं हसून आम्हाला लिंबू सरबत विचारलं. लिओटा म्हणाली, "तुझ्या घरचं पाणीसुद्धा नको. ते माझ्या ओढ्याचं आहे."

नोव्हेंबरात हंगाम उघडला त्या सकाळी ती नारिंगी जाकीट घालून फाटकातून खाली गेली आणि आपल्या मचाणावर चढली. सात वाजता एक धष्टपुष्ट मादी पडली. एक गोळी. लिओटा खाली उतरून सुरी काढते न काढते तोच एल्सवर्थची दोन माणसं चारचाकी फटफटीवरून आली आणि हरणावर उभी राहिली. अक्षरशः उभी, एकाचा बूट बरगडीवर.

"हात लावायचा नाही. शेरीफला फोन केलाय."

"करा. मला तिचं पोट उघडू द्या, नाही तर मांस नासेल."

"पुराव्याला हात लावायचा नाही, आजी."

त्या दिवशी टी-शर्टवर फिरण्याएवढं ऊन होतं. शेरीफचा पोरगेलासा हवालदार अकराला आला. मग शिकारखात्याच्या माणसाला बोलावणं गेलं, तो तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला, दीड वाजता पोचला. तोवर मादी फुगली होती, माश्या बसल्या होत्या. लिओटा सहा तास तिच्या शेजारी दगडावर बसून होती. तिला परक्या जमिनीत शिरल्याचं समन्स मिळालं. हरीण खड्ड्यात गेलं. त्याच आठवड्यात मचाण करवतीनं कापून पाडलं. कुणी कापलं ते कुणी पाहिलं नाही, अर्थात.

मी तिला नंतर विचारलं की सगळ्यात जास्त काय लागलं. मला वाटलं जमीन म्हणेल.

"चाळीस बरण्या होत्या त्या मादीत," ती म्हणाली. "पायाखाली घालून कुजवली. कुत्रासुद्धा खातो तरी."

आम्ही वकिलीणबाई गाठल्या, टिमन्स नावाच्या. त्यांनी नकाशे पाहिले, चष्मा काढला. "कागद तुमच्या बाजूनं आहे. पण कुंपण आणि गायी त्यांच्या बाजूनं आहेत. टप्पा तुमच्या मर्जीनं वापरतोय हे ओटिस मानत होता, एवढं दाखवता आलं तर वहिवाट कोसळते. मर्जीनं वापरलेल्या जमिनीवर हक्क बसत नाही. आणि ओटिसनं जे मानलं ते त्याच्या मागून आलेला बदलू शकत नाही. व्हर्जिल नाही, ओटिस नाही. त्याच्या हातचं काही लिहिलेलं आहे?"

"ओटिस? ओटिस वाढदिवसाच्या कार्डावरसुद्धा नुसती सही ठोकायचा."

गाडीत बसून मैलभर आल्यावर ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "एकदा लिहिलं होतं त्यानं. माझ्या सुरीखाली."

शहाण्णव साल. टप्प्यावर दहा टोकांच्या शिंगांचा नर आला होता. लिओटानं ओटिसला आपल्या मचाणावर बसायला बोलावलं होतं, कारण त्या वर्षी त्याची बायको गेली होती आणि तो माणसांत येत नव्हता. साठ पावलांवरून ओटिस चुकला. लिओटानं तिथंच त्याची शेपूट कापली, आणि खोपटात बसून त्यानं तिच्यावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते शब्द तिला आठवत नव्हते; जागा लिहिली होती हे आठवत होतं. जागा लिहावीच लागते.

"मग ती चिंधी?"

"खोपट बुलडोझरनं पाडलं, नॅडीन. तू पाहिलंस की."

पाहिलं होतं. महालाच्या आत लिओटानं कधी पाऊल टाकलं नव्हतं, मी तर नाहीच; सरबताच्या दिवशीही आम्ही बाहेरच उभ्या होतो.

एल्सवर्थनं टप्प्यावर वहिवाटीचा दावा लावला आणि पुढचं वर्ष तारखांत गेलं. सुनावणी डिसेंबरात लागली. आणि हंगाम उघडण्याच्या आदल्या शुक्रवारी एल्सवर्थनं सगळ्या शेजाऱ्यांना जेवायला बोलावलं. कोर्टापुढं भला माणूस दिसायचं, असं वकिलानं सांगितलं असणार. आमंत्रण लिओटालाही आलं, जाड कागदावर.

"तू जाणार नाहीस," मी म्हणाले.

"का नाही? त्याला हरीण शिजवता येतं का ते बघायचंय."

महालाच्या मोठ्या दालनात तीस-चाळीस माणसं होती. पाद्री, अग्निशामक दलाचा प्रमुख, ज्यानं तिला समन्स दिलं होतं तो शिकारखात्याचा माणूस, आणि बाहेरून आलेले आठ-दहा शिकारी, ज्यांच्या कपड्यांच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. लिओटा दारातच थांबली. मला वाटलं राग आला. ती भिंतीकडे बघत होती.

चुलीच्या वरच्या बाजूला, काळ्या लाकडी चौकटींत, काचेखाली, चिंध्याच चिंध्या. चौकडीच्या, खाकी, फिकट लाल. एल्सवर्थनं खोपट पाडण्याआधी त्या सगळ्या काढून घेतल्या होत्या. शोभेला. खालून दिवे सोडले होते.

"आहे," लिओटा हळूच म्हणाली. "तिसऱ्या ओळीत. निळी चौकडी. तो शर्ट मी ओळखते."

"फोटो काढते."

"थांब. तू काढलेला फोटो कुठून तरी आणला म्हणतील. आणि तू युनियनवाली, तुझा चेहरा कोर्टाला आवडत नाही. बस खाली, खा."

जेवण आलं. हरणाच्या पाठीचे जाड तुकडे, वर लाल दारूत शिजवलेल्या बोरांचा पाक. शहरातून आणलेला पांढऱ्या टोपीचा आचारी बाजूला उभा. लिओटानं एक घास घेतला, चावला, रुमालात काढून ठेवला. सगळ्या टेबलाला दिसेल असा.

"कसं आहे, मिसेस प्रुएट?" एल्सवर्थनं विचारलं. न विचारता सोडलं असतं तर बरं झालं असतं त्याचं.

"चरबी काढली नाहीये. पाक गोड आहे, म्हणून तुझ्या पाहुण्यांना कळत नाहीये. जरा गार होऊ दे, मग मेणबत्ती चघळल्यासारखं लागेल."

अग्निशामक दलाचा प्रमुख ताटाकडे बघून हसला. त्यानं आयुष्यभर तिच्या तव्यावरचं खाल्लं होतं. हसू टेबलाच्या आमच्या बाजूनं पसरलं, आणि शहरवाल्यांनी एकमेकांच्या ताटात पाहिलं. एल्सवर्थचे कान लाल झाले.

"इथल्या लोकांचा नेम जिभेनं चांगला लागतो," तो म्हणाला. "बंदुकीनं लागत असता तर माझी भिंत एवढी भरली नसती." त्याचे पाहुणे हसले. आमच्यातलं कुणी नाही.

"बरोबर बोललास," लिओटा म्हणाली. ती एवढ्या सहज म्हणाली की मी घास धरूनच बसले. "पण तुझ्या पाहुण्यांना काय कळणार नुसत्या चिंध्या बघून? वाचून दाखव की. का अक्षर लागत नाही?"

"लागतं की."

"मग वाच. आमचीच फजिती आहे. आम्हालाही बघू दे तू किती चुकतोस."

तो उठला. माणसाला स्वतःच्या भिंतीसमोर उभं राहून बोलायला आवडतं. पहिल्या ओळीतून दोन वाचल्या, एका मेलेल्या दुकानदाराची आणि पाद्र्याच्या बापाची. सबबी मजेदार होत्या. पाहुणे टेबल बडवत होते, पाद्री कसंनुसं हसत होता. एल्सवर्थ रंगात आला. तोतरं बोलण्याची नक्कल करून त्यानं तिसरी वाचली. दुसऱ्या ओळीत तो एकीवर अडला.

"ते नको," ती म्हणाली, "पुसट झालंय. खालच्या ओळीत घे. ती निळी. ती चांगली आहे म्हणतात."

"ही?" त्यानं चौकट खिळ्यावरून काढून हातात घेतली, दिव्याकडे धरली आणि भाषण दिल्यासारखं वाचलं.

"ओटिस क्रॅबट्री. नोव्हेंबर एकोणीसशे शहाण्णव. वरच्या कुंपणाखालचा टेंभुर्णीचा टप्पा. साठ पावलं. सबब: बंदूक माझी, डोळे माझे, पण जमीन लिओटाची होती आणि हरणाला ते ठाऊक होतं."

शहरवाले हसले. ओझार्कची माणसं हसली नाहीत. एल्सवर्थ स्वतः अर्धं हसला, आणि ते हसू त्याच्या तोंडावरच राहिलं, काढायला विसरलेल्या टोपीसारखं.

"परत वाच," लिओटा म्हणाली.

"काय?"

"मला कमी ऐकू येतं. कुंपणाखालचा टप्पा कुणाचा होता, तेवढं वाच."

तो वाचेना. शिकारखात्याच्या माणसानं काटा खाली ठेवला. हा तोच, ज्यानं कुजलेल्या मादीपाशी उभं राहून तिच्या हातात समन्स दिलं होतं. तो उठला, एल्सवर्थच्या शेजारी जाऊन चौकटीत डोकावला आणि सावकाश, शाळेतल्या पोरासारखं एकेका शब्दावर बोट ठेवत, मोठ्यानं वाचलं. जमीन. लिओटाची. होती. मग म्हणाला, "ओटिसचंच अक्षर. माझ्या पहिल्या परवान्यावर साक्षीदार म्हणून त्याचीच सही आहे. टी अक्षराची आडवी रेघ अशीच ओढायचा."

तेव्हा मी फोटो काढला. एक नाही, नऊ. एल्सवर्थ हातात चौकट घेऊन, शेजारी खात्याचा माणूस बोट ठेवून, मागे पाद्री.

"हे माझं खासगी घर आहे," एल्सवर्थ म्हणाला. मऊ आवाज कुठल्या कुठं गेला होता. "ही वस्तू माझ्या मालकीची आहे."

"आहे की," लिओटा उठत म्हणाली. "खोपटासकट घेतलंस, चिंधीसकट घेतलंस. ठेव जपून. कापली मी होती, पण ठोकली तू आहेस." मग आचाऱ्याकडे वळून म्हणाली, "बाळा, तुझा दोष नाही. तुला कुणी शिकवलं नाही."

डिसेंबरची सुनावणी झालीच नाही. त्याच्या वकिलानं दावा मागं घेतला, समन्सही रद्द झालं. माफी नाही, मचाणाचा उल्लेख नाही, मादीचा तर नाहीच. उलट त्यानं ओढ्याच्या पलीकडच्या झाडांवर तिच्या टप्प्याकडे तोंड करून सहा कॅमेरे लावले. मला काहींनी म्हटलं, आता झालं ना, जिंकलात, शेजारधर्म म्हणून दोघांना एकदा समोरासमोर बसवा. मी त्यांना जे बोलले ते छापण्यासारखं नाही. लिओटाला विचारलं तर ती म्हणाली, "बसते. त्याच्या माणसानं त्या मादीवर सहा तास ठेवला तो बूट त्यानं आधी माझ्या अंगणात आणून जाळावा."

वसंतात मोजणीदार आला. ओढ्यातली खरी रेघ त्यानं लाल फितींनी दाखवली. शहाणा माणूस म्हणाला असता, कुंपण वरच राहू दे, पूर येतो. लिओटानं वरचा एकेक खांब उपसला, जांभळ्या रंगासकट, आणि पुरात जाणाऱ्या जागी खाली नेऊन रोवला. एकाहत्तर वर्षांची बाई, गुडघाभर पाण्यात. मी आणि माझा नवरा पहार मारत होतो. पहिल्याच पुरात अर्धी तार गेली. तिनं परत लावली. दुसऱ्या पुरात परत. ओल्या मोज्यांचा वास तिच्या स्वयंपाकघरातून महिनाभर गेला नाही.

"मावशी, दर वर्षी हेच करणार का?"

"एकोणनव्वदात मीच म्हणाले होते व्हर्जिलला, वर घाल, कोण रोज पाण्यात उतरणार. पुरुषांचं नाव पुढं करते मी. आळस माझा होता."

हे तिनं तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं, वकिलीणबाईंनाही.

नोव्हेंबर आला. हंगामाच्या पहिल्या सकाळी ती नव्या मचाणावर बसली, मी ओकाच्या बुंध्याला टेकून खाली. थंडी चांगली होती, मांसासाठी अगदी हवी तशी. उजाडल्यावर थोड्या वेळानं टेंभुर्णीखाली नर आला, आठ टोकांचा, मान खाली, चाळीस पावलांवर, आडवा उभा. अंगणात कोंबडी मारण्याइतकं सोपं. गोळी सुटली. नर उडाला, पाणी उडवत ओढा पार करून एल्सवर्थच्या रानात गेला. मी जाऊन पाहिलं. रक्ताचा थेंब नाही, केस नाही. नराच्या खांद्यापासून चांगल्या हातभर वर एका फांदीची साल गेलेली.

लिओटा खाली उतरली. तिनं जाकीट काढलं, माझ्याकडे पाठ केली आणि सुरी माझ्या हातात दिली. सत्तावन्न वर्षांत पहिल्यांदा. शर्ट व्हर्जिलचा होता, जाड, हिरवा. मी कापला. तिनं खिशातून काळ्या शाईचं जाड पेन काढलं. शिकारीला पेन कोण घेऊन जातं, ते मी विचारलं नाही. गुडघ्यावर चिंधी पसरून लिहिलं, आणि ओढ्याच्या कडेच्या कोपऱ्याच्या खांबावर, कॅमेऱ्यांकडे तोंड करून, चार खिळ्यांनी ठोकलं.

लिओटा प्रुएट. नोव्हेंबर दोन हजार अठरा. टेंभुर्णीचा टप्पा. चाळीस पावलं. सबब: नाही. जमीन माझी.

मग ती परत मचाणावर चढली. दहा वाजता एक मादी आली, आणि त्या वेळी ती चुकली नाही.